तीच गाणी, दुसरे वय : आशा भोसले यांचा २००५ चा अल्बम आणि मूळ ध्वनिमुद्रणे

अमेरिकेतील नॉनसच या कंपनीने ऑगस्ट २००५ मध्ये 'यूव्ह स्टोलन माय हार्ट' हा अल्बम प्रसिद्ध केला. सॅन फ्रान्सिस्को येथील क्रोनॉस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या चमूने संगीतकार राहुल देव बर्मन यांच्या बारा रचना त्यात सादर केल्या. त्यांपैकी बहुतेक रचनांना आशा भोसले यांचा स्वर लाभला, तर काही रचना केवळ वाद्यांवर वाजविण्यात आल्या. आशाताईंचे वय त्या वेळी ७१ वर्षांचे होते. यातील अनेक गाणी त्यांनीच तीन दशकांपूर्वी मुंबईत गायली होती आणि ती देशभरातील श्रोत्यांना मुखोद्गत होती.

ज्येष्ठ गायकाचा नवा अल्बम आला की त्याची तुलना पूर्वीच्या कामाशी होणे अपरिहार्य असते. बहुधा ही तुलना नव्या गाण्यांची जुन्या गाण्यांशी होते. त्यामुळे फरक आवाजाचा, चालीचा की शब्दांचा, हे सांगणे अवघड जाते. २००५ च्या या अल्बमची गोष्ट वेगळी आहे. येथे गाणे तेच, चाल तीच आणि गायिकाही तीच. बदलले ते वय, वाद्यमेळ आणि गाण्याचे प्रयोजन. म्हणूनच वाढत्या वयाबरोबर गायकाकडून काय हिरावले जाते आणि त्याच्या हाती काय येते, हे समजून घेण्यासाठी या अल्बमइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

अल्बमची पार्श्वभूमी

व्हायोलिनवादक डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७३ मध्ये क्रोनॉस क्वार्टेटची स्थापना केली. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशी पाश्चात्त्य अभिजात संगीतातील चतुष्काची रचना कायम ठेवून या चमूने विसाव्या शतकातील नव्या रचनाकारांचे आणि जगातील विविध परंपरांचे संगीत वाजविले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅरव्हान' या त्यांच्या अल्बममध्ये राहुल देव बर्मन यांच्या 'अनामिका' (१९७३) या चित्रपटातील एका गीताची चाल होती आणि तबल्यावर उस्ताद झाकिर हुसेन यांची साथ होती. बर्मन यांच्या संगीताशी जुळलेला हा धागा पाच वर्षांनी संपूर्ण अल्बमपर्यंत पोहोचला. नव्या अल्बममध्येही झाकिर हुसेन यांचे तालवादन होते, तर चिनी परंपरेतील पिपा हे तंतुवाद्य वू मान यांनी वाजविले.

अल्बमचे नाव 'यादों की बारात' (१९७३) मधील 'चुरा लिया है' या गीताच्या आशयावरून घेतलेले आहे. पुढे ग्रॅमी पुरस्कारांच्या समकालीन जागतिक संगीत विभागात त्याला नामांकन मिळाले. पुरस्काराहूनही महत्त्वाची बाब म्हणजे या अल्बमने राहुल देव बर्मन यांच्याकडे चित्रपटाचे संगीतकार म्हणून न पाहता स्वतंत्र रचनाकार म्हणून पाहिले. मोत्झार्टच्या किंवा बार्टोकच्या रचना ज्या गांभीर्याने मांडल्या जातात, त्याच गांभीर्याने हिंदी चित्रपटांतील क्लबगीतांची मांडणी येथे करण्यात आली.

बर्मन यांचे निधन ४ जानेवारी १९९४ रोजी झाले होते. आशा भोसले या त्यांच्या केवळ प्रमुख गायिका नव्हत्या, तर १९८० पासून पत्नीही होत्या. त्यामुळे हा अल्बम एका अर्थाने दिवंगत सहचराच्या कामाकडे वळून पाहणाराही होता. तथापि त्यात शोकाचा सूर नाही. निवडलेल्या गाण्यांत खट्याळपणा आहे, उन्माद आहे आणि विनोदही आहे.

मूळ ध्वनिमुद्रणे कशी होत

तुलना करण्यापूर्वी मूळ ध्वनिमुद्रणांची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईत चित्रपटगीताचे ध्वनिमुद्रण म्हणजे मोठा वाद्यवृंद आणि गायक यांचे एकाच वेळी होणारे सादरीकरण असे. ताडदेव येथील फिल्म सेंटर हा बर्मन यांचा आवडता स्टुडिओ. वादक, गायक आणि ध्वनिमुद्रक या सर्वांचे एकाच वेळी अचूक जमणे गरजेचे असे. एखाद्या वादकाची चूक झाली की पुन्हा प्रारंभापासून वाजवावे लागे. नंतरच्या काळाप्रमाणे एकेक ओळ वेगळी गाऊन जोडण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे मूळ गाण्यांत जो ताण, जी चपळाई आणि जो धोका पत्करल्याचा भास होतो, त्याचे एक कारण ही कार्यपद्धती होय.

दुसरे कारण बर्मन यांची ध्वनीविषयीची दृष्टी. काचेच्या पेल्यावर केलेला आघात, रिकाम्या बाटलीत फुंकून काढलेला स्वर, गायिकेचा श्वास, उसासा, हुंकार हे सर्व त्यांच्या लेखी संगीतच होते. 'कारवाँ' (१९७१) मधील 'पिया तू' या गीतात आशा भोसले यांचा ऐकू येणारा श्वास हा तालाचाच एक घटक आहे. गिटार, सॅक्सोफोन, बोंगो आणि पितळी वाद्ये यांचे मिश्रण कानांवर आदळते आणि त्यातून वाट काढत आवाज पुढे येतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे ही गाणी पडद्यासाठी होती. गायिकेचा आवाज दुसऱ्या कोणाच्या तरी ओठांवर बसवायचा होता. ते पात्र कोण, त्याचे वय काय, ते कोणत्या अवस्थेत आहे, हे लक्षात घेऊनच स्वर लावावा लागे.

पडद्यावरचे वय आणि आवाजाचे वय

जुन्या गाण्यांत तारुण्य होते आणि नव्या अल्बममध्ये वार्धक्य आले, अशी साधी मांडणी अनेकदा केली जाते. जन्मवर्षांचा हिशेब मांडला तर ती टिकत नाही.

आशा भोसले यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगली येथे झाला. 'हरे रामा हरे कृष्णा' हा चित्रपट १९७१ चा. त्यातील 'दम मारो दम' हे गीत पडद्यावर झीनत अमान यांच्यावर चित्रित झाले. झीनत अमान यांचा जन्म नोव्हेंबर १९५१ मधला, म्हणजे त्या सुमारे एकोणीस वर्षांच्या होत्या. आशाताई मात्र सदतीस-अडतीस वर्षांच्या होत्या. 'चुरा लिया है' या गीताच्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती. 'रंगीला' (१९९५) मध्ये त्यांनी एकविशीच्या ऊर्मिला मातोंडकर यांच्यासाठी पार्श्वगायन केले, तेव्हा त्यांचे वय ६१-६२ वर्षांचे होते.

याचा अर्थ असा की, ज्या आवाजाला श्रोते तरुण समजत आले तो आवाज १९७१ मध्येही वयाने तरुण नव्हता. ते तारुण्य आवाजातील अभिनयाचे होते. शब्द कोठे सोडायचा, व्यंजनावर किती भार द्यायचा, स्वर सरळ लावायचा की खालून उचलायचा, श्वास ऐकू द्यायचा की लपवायचा, या निर्णयांतून ते साकार होत असे. दहाव्या वर्षी, १९४३ मध्ये 'माझं बाळ' या मराठी चित्रपटासाठी पहिले गाणे गायल्यापासून आशा भोसले यांनी ही कला टप्प्याटप्प्याने घडविली होती.

ही बाब ध्यानात घेतली की २००५ च्या अल्बमकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तेथे आवाज उतरला का, हा प्रश्न दुय्यम ठरतो. पडद्यावरचे पात्र बाजूला झाल्यावर त्याच गायिकेने तेच गाणे कोणाच्या वतीने गायले, हा प्रश्न मुख्य ठरतो. त्याचे उत्तर असे की, या वेळी तिने ते स्वतःच्या वतीने गायले.

तीन गाणी, तीन अंतरे

अल्बममधील तीन गीते या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहेत.

पहिले 'दम मारो दम'. मूळ गाणे आणि नवे गाणे यांत ३४ वर्षांचे अंतर आहे. १९७१ च्या मुद्रणात गिटारची सुरावट गाण्याला खेचून नेते आणि आवाज बेफिकीर, किंचित सुस्त, परंतु आतून धारदार असा लागतो. तो एका भरकटलेल्या मुलीचा आवाज आहे. नव्या मुद्रणात ही भूमिका उरलेली नाही. आवाजाचा पोत अधिक जाड झाला आहे, वरच्या स्वरांची चकाकी कमी झाली आहे आणि गाणे बंडाची घोषणा न राहता एका प्रसिद्ध गाण्याची आठवण झाले आहे. मूळ गाण्यातील धोका येथे जाणवत नाही. ही तुलनेतील उणी बाजू मान्य केली पाहिजे. जे गाणे एका विशिष्ट काळाच्या अस्वस्थतेतून जन्मले, ते त्या काळाबाहेर काढल्यावर त्याची धार काही अंशी बोथट होते.

दुसरे 'चुरा लिया है'. हे प्रणयाचे गाणे असले तरी त्यात आर्जवापेक्षा खट्याळ हक्काची भावना अधिक आहे. या गाण्याला वयाचे बंधन जाचत नाही. १९७३ च्या मुद्रणात प्रत्येक ओळीच्या अखेरीस स्वर हलकेच सोडून देण्याची जी लकब आहे, ती नव्या मुद्रणातही शाबूत आहे. किंबहुना गिटारच्या जागी व्हायोलिन आणि चेलो आल्याने स्वर सोडल्यानंतरची शांतता अधिक स्पष्टपणे कानी येते. मूळ गाण्यात श्रोता चालीकडे ओढला जातो. नव्यात तो शब्द उच्चारण्याच्या रीतीकडे लक्ष देऊ लागतो.

तिसरे 'मेरा कुछ सामान'. 'इजाजत' (१९८७) मधील हे गीत गुलजार यांचे. मुक्तछंदातील या रचनेला चाल लावणे बर्मन यांना प्रथम अशक्यप्राय वाटले होते, ही हकिकत प्रसिद्ध आहे. या गीतासाठी आशा भोसले यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संपलेल्या नात्यातील मागे राहिलेल्या वस्तूंची आणि क्षणांची ही यादी आहे. मूळ गायनाच्या वेळी गायिका चौपन्नाव्या वर्षात होती आणि नव्या गायनापर्यंत अठरा वर्षे लोटली होती. तिघांत हेच अंतर सर्वांत कमी आहे; परंतु फरक केवळ काळाच्या अंतरामुळे कमी वाटत नाही. गाण्यातील स्त्रीच मुळात मागे वळून पाहणारी आहे. तिचे वय वाढले तरी गाणे खोटे पडत नाही. उलट अधिक पटते. गाणे लिहिणारा कवी हयात असताना त्याला चाल देणारा संगीतकार मात्र राहिलेला नव्हता, ही जाणीव श्रोत्याच्या मनात असतेच.

या तिन्हींच्या जोडीला 'रिश्ते बनते हैं' हे गीतही लक्षात घेतले पाहिजे. ते चित्रपटातील नाही. गुलजार, बर्मन आणि आशा भोसले यांच्या 'दिल पडोसी है' या १९८७ च्या बिगरचित्रपट अल्बममधील ते गीत होय. त्याच्या मूळ मुद्रणातच पडद्यावरचे पात्र नव्हते. म्हणूनच जुने आणि नवे अशा दोन्ही मुद्रणांत गायिकेची भूमिका फारशी बदललेली वाटत नाही. या एका उदाहरणावरून अन्य गाण्यांतील बदलाचे कारण स्पष्ट होते. तेथे जे बदलले ते बव्हंशी पात्राच्या जाण्याने बदलले.

आवाज म्हातारा होतो म्हणजे काय

गायकाचा आवाज हा शरीराचा भाग आहे, त्यामुळे तो शरीराच्या नियमांतून सुटत नाही. वय वाढते तसे स्वरतंतूंची लवचिकता कमी होते आणि त्यांचे स्नायू क्षीण होतात. स्त्रियांच्या आवाजाची मूळ पट्टी उतारवयात सामान्यतः खाली येते. फुप्फुसांची क्षमता घटल्याने एका दमात गायची ओळ आखूड होते. लांबवलेल्या स्वराचे कंपन संथ आणि रुंद होऊ लागते. यालाच श्रोते 'आवाज हलतो' असे म्हणतात.

नियमित रियाज या प्रक्रियेला थांबवू शकत नाही. मात्र तिचा वेग कमी करू शकतो आणि उरलेल्या साधनांचा उत्तम उपयोग शिकवतो. अनुभवी गायक पट्टी खाली घेतो, श्वासाच्या जागा बदलतो, लांब स्वराऐवजी छोट्या हरकतीने काम भागवतो आणि शब्दोच्चारावर अधिक भर देतो. सामान्य श्रोत्याला ही तडजोड जाणवत नाही. त्याला फक्त गाणे अधिक 'बोलके' झाल्यासारखे वाटते.

आशा भोसले यांच्या बाबतीत खालच्या पट्टीचे सामर्थ्य वार्धक्याच्या पुष्कळ आधीच सिद्ध झाले होते. 'उमराव जान' (१९८१) च्या गझलांसाठी संगीतकार खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या स्वरात गाण्याचा आग्रह धरला. त्या गझलांनी त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. मंद्राकडे झुकणाऱ्या स्वरातही वजन आणि दर्द असतो, हे त्या अनुभवाने दाखवून दिले होते. २००५ च्या अल्बममध्ये वयाने आणलेली खोली ही त्यामुळे अगदी अनोळखी भूमी नव्हती.

वाद्यमेळाने काय साधले, काय गमावले

क्रोनॉस क्वार्टेटसमोरील अडचण उघड होती. बर्मन यांच्या गाण्यांत दहा-वीस प्रकारचे ध्वनी एकत्र नांदतात. चार तंतुवाद्यांनी ते कसे उभे करायचे? त्यांनी एकाच वाद्याचे अनेक थर ध्वनिमुद्रित करून, वू मान यांच्या पिपाची आणि झाकिर हुसेन यांच्या तबल्याची जोड घेऊन हा प्रश्न सोडविला. गिटारची सुरावट व्हायोलिनवर आली आणि पितळी वाद्यांचे फटकारे गजाच्या जोरकस आघातांनी साधले.

यातून एक लाभ झाला. मूळ ध्वनिमुद्रणांच्या गर्दीत दबलेल्या कित्येक सुरावटी वेगळ्या होऊन ऐकू आल्या. बर्मन यांची रचना किती स्तरांची होती, हे ध्यानात आले. तोटाही झाला. जुन्या मुद्रणांतील ढोबळ, दणदणीत ताल आणि स्टुडिओतील जिवंत धांदल नव्या स्वच्छ ध्वनीत उरली नाही. क्लबमधील गाणे मैफलीच्या सभागृहात आले आणि येताना त्याने नीटनेटके कपडे घातले. कोणाला हा सन्मान वाटेल, तर कोणाला गाण्याचा मूळ स्वभाव हरवल्यासारखे वाटेल. दोन्ही प्रतिक्रिया समर्थनीय आहेत.

ज्येष्ठ गायकांपुढील वाटा

उतारवयात अल्बम करताना गायकांपुढे साधारणतः तीन वाटा असतात. नव्या रचना गाणे, इतरांच्या जुन्या रचना गाणे किंवा स्वतःच्याच रचना पुन्हा गाणे. लता मंगेशकर यांनी यातील पहिल्या दोन वाटा चोखाळल्या. १९९२ च्या 'श्रद्धांजली' मध्ये त्यांनी दिवंगत गायकांची गाजलेली गाणी गायली. २००७ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, मयूरेश पै यांच्या संगीतातील 'सादगी' हा नव्या रचनांचा अल्बम त्यांनी दिला. नव्या रचनेत तुलनेचा धोका कमी असतो, कारण चाल गायिकेच्या तत्कालीन आवाजाला बेतून बांधता येते.

आशा भोसले यांनीही १९९६ च्या 'लेगसी' मध्ये वेगळी वाट धरली होती. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडून परंपरेने आलेल्या जुन्या बंदिशी शिकून त्यांनी त्या कॅलिफोर्नियात ध्वनिमुद्रित केल्या. साठी उलटल्यानंतर पुन्हा विद्यार्थिनी होण्याचा तो प्रयत्न होता आणि त्यालाही ग्रॅमीचे नामांकन मिळाले. 'लेगसी' मधील गायिका परंपरेपुढे नम्र आहे, तर २००५ मधील गायिका स्वतःच एक परंपरा झालेली आहे. दोन्ही अल्बम एकामागून एक ऐकल्यास नऊ वर्षांच्या आत घडलेला हा बदल लक्षात येतो.

तिसरी वाट, म्हणजे स्वतःचीच गाणी पुन्हा गाणे, ही सर्वांत अवघड. पाश्चात्त्य संगीतातही तिची मोजकी उदाहरणे आहेत. कॅनडातील गायिका जोनी मिचेल यांनी १९६९ मध्ये गायलेले स्वतःचे एक गीत २००० मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, मोठ्या वाद्यवृंदासह आणि कितीतरी खालच्या पट्टीत पुन्हा गायले. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी बाखची 'गोल्डबर्ग' ही रचना १९५५ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये ध्वनिमुद्रित केली. पहिली सुमारे ३८ मिनिटांत संपते, तर दुसरी सुमारे ५१ मिनिटे चालते. दोन्ही ठिकाणी श्रोत्यांनी एका मुद्रणाला विजयी ठरवून दुसरे टाकून दिले नाही. दोन मुद्रणे मिळून एकच गोष्ट सांगतात, असे त्यांनी मानले.

मराठी श्रोत्याचा दुहेरी संदर्भ

मराठी श्रोत्यांना पुनर्गायनाची कल्पना नवी नाही. नाट्यसंगीतात एकच पद पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या गायकांच्या गळ्यातून ऐकण्याची सवय आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची नाट्यपदे आशा भोसले यांनी स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केली, तेव्हा वडिलांचे आक्रमक गायन आणि मुलीची मांडणी यांची तुलना झालीच. परंतु त्यामुळे मूळ गायनाला बाध आला, असे कोणी म्हटले नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांत हा अनुभव आणखी गुंतागुंतीचा आहे. जबलपूर आणि नागपूर ही शहरे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. जबलपूरच्या मध्यवस्तीतील ओमतीसारख्या भागात राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी पडे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' आणि १९५७ पासून आकाशवाणीची 'विविध भारती' यांनी चित्रपटगीते अशा शहरांत घरोघरी पोहोचविली. घरातील भावगीत आणि चौकातील क्लबगीत या दोन्हींत एकच आवाज होता. अशा श्रोत्यासाठी १९७१ चे गाणे हे केवळ गाणे नसते. ते रेडिओच्या जागेशी, घरातील माणसांशी आणि शहराच्या आवाजाशी जोडलेले असते. नव्या मुद्रणाला या आठवणींचा आधार नसतो. म्हणूनच 'जुनेच बरे' हा अभिप्राय देताना आपण गायनाचे मूल्यमापन करीत आहोत की स्वतःच्या आठवणीचे, हे तपासून पाहणे इष्ट ठरते.

पुनर्गायन, 'व्हर्शन' आणि कायदा

भारतात जुनी गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित होणे १९८० च्या दशकात कॅसेटच्या प्रसाराबरोबर मोठ्या प्रमाणात सुरू झाले. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील तरतुदीनुसार मूळ मुद्रणानंतर दोन वर्षांनी, विहित मानधन देऊन, दुसऱ्या गायकाकडून तेच गाणे गाऊन घेता येत असे. या मार्गाने 'व्हर्शन' गीतांची बाजारपेठ उभी राहिली. २००० नंतर रिमिक्सची लाट आली आणि बर्मन यांच्या अनेक चाली तिच्यात सापडल्या. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली आणि मूळ रचनेत मनमानी बदल करण्यावर बंधने घातली. त्याच दुरुस्तीने गायकांच्या हक्कांनाही अधिक बळ दिले.

रिमिक्समध्ये जुन्या गाण्याचा वेग वाढवून, त्यावर नवा ठेका चढवून ते तरुण असल्याचे भासविले जाते. क्रोनॉस क्वार्टेटसह केलेल्या अल्बमची दिशा याच्या उलट आहे. त्यात गाण्याला त्याचे वय लपवायला सांगितलेले नाही. हा फरक तेव्हा रुचीचा वाटत होता. आता तो अधिक गंभीर झाला आहे.

याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता. एखाद्या गायकाच्या जुन्या मुद्रणांवरून त्याचा आवाज संगणकाला शिकवून, त्याने कधीही न गायलेले गाणे त्याच्या आवाजात तयार करणे शक्य झाले आहे. २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांना अशा वापराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने अंतरिम दिलासा दिला. गायकाच्या अनुमतीविना त्याच्या आवाजाची नक्कल करणारी साधने उपलब्ध करून देणे हे त्याच्या व्यक्तिमत्त्व हक्कांचे उल्लंघन आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

संगणकाने घडविलेल्या अशा नकलेत आवाज बहुधा प्रसिद्धीच्या शिखरावरचा असतो. १९७१ चा, १९७३ चा किंवा १९९५ चा. बाजाराला तोच हवा असतो. त्या आवाजाला थकवा नाही, दम लागत नाही आणि वय वाढत नाही. मात्र शब्द कोठे सोडायचा, हा निर्णय घेणारी व्यक्तीही तेथे नसते. आशा भोसले यांच्या आवाजातील तारुण्य हे वयाचे नसून निर्णयाचे होते, हे मान्य केले तर नकलेत नेमके काय निसटते, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

तुलनेचा निष्कर्ष

गिनेस बुकाने २०११ मध्ये सर्वाधिक स्टुडिओ ध्वनिमुद्रणांसाठी आशा भोसले यांची नोंद घेतली. १९४७ पासूनची ११,००० पर्यंत गाणी आणि वीसहून अधिक भारतीय भाषा असा तो आवाका होता. एवढ्या प्रचंड कामात २००५ चा एक अल्बम संख्येने नगण्य ठरतो. त्याने मूळ गाण्यांची जागा घेतली नाही आणि तसा त्याचा दावाही नव्हता. 'दम मारो दम' आणि 'पिया तू' यांसाठी श्रोते १९७१ च्या मुद्रणांकडेच परततील. 'मेरा कुछ सामान' आणि 'रिश्ते बनते हैं' यांसाठी मात्र दोन्ही मुद्रणे जवळ ठेवावीशी वाटतील.

ज्यांना ही तुलना स्वतः करून पाहायची असेल त्यांनी आधी नवे आणि नंतर जुने मुद्रण ऐकावे. नेहमीचा क्रम उलटला की आठवणीचा पगडा कमी होतो. नव्या मुद्रणात शब्दांची जी बारकाई कानी येते ती जुन्यातही होती, हे मग उमगते. वाद्यांच्या गजरात आणि पडद्यावरील चेहऱ्याच्या झगमगाटात ती एवढी वर्षे ऐकायची राहून गेली होती. उतारवयातील या अल्बमने जुन्या गाण्यांत भर घातली ती एवढीच, आणि ती थोडी नाही.